पाण्याआधीचा शब्द

कारखान्याचा बॉयलर पेटला की दोन-तीन दिवसांत दोरीवरच्या कपड्यांवर काजळी दिसू लागते. उसाचं चिपाड जळून उडालेले हे बारीक काळे तुकडे असतात. त्यांना वजन नसतं. हाताने झटकले तर कापडावर रेघ उमटते, म्हणून फुंकर मारून उडवावे लागतात. काष्टी आणि श्रीगोंद्याच्या मधल्या पट्ट्यात ही गोष्ट लहान मुलींनाही माहीत असते. मला ती चौतिसाव्या वर्षी कळली, ज्या हंगामात मी माझ्या मुलीला पाणी देणं बंद केलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा दुरुस्त करून पाहिलं. ‘बंद केलं होतं’च्या जागी ‘अटीवर देत होते’ असं लिहिता येतं. ते जास्त अचूक आहे आणि कमी खरं आहे.

यंदाचा हंगाम सुरू होऊन आठवडा झाला. सकाळी, दुपारी आणि रात्री पाळी बदलली की कारखान्याचा भोंगा होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याने जातात आणि त्यांच्यामागे सांडलेल्या वाढ्यांची, उसाच्या शेंड्यांची, हिरवी रेघ पडत जाते. वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात येतो आणि जेवणाच्या ताटापर्यंत पोचतो. जिल्ह्याचं नाव मधल्या काळात बदललं. मी ज्या दैनिकात काम करते तिथल्या डेस्कने ते एका दिवसात स्वीकारलं, पानावर कुठेही चूक राहिली नाही. वस्तीवर मात्र अजून सगळे नगरलाच जातात. काही बदल एका दिवसात अंगवळणी पडतात, काहींना हंगाम लागतो. मी पाणी बंद केलं तो हंगाम सात वर्षांपूर्वीचा.

सई तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, नको नाही. कान तपासून झाले होते. ऐकायला नीट येत होतं. पत्र्यावर चिमणी उतरली तरी ती मान वळवायची, मात्र तिच्या नावाने हाक मारली तर वळवायची नाही. नगरच्या ज्या केंद्रात आम्ही तिला नेत होतो तिथल्या डॉक्टरांनी स्वमग्नता हा शब्द दोनदा वापरला, एकदा आमच्याकडे बघत आणि एकदा कागदाकडे बघत. कागदाकडे बघत म्हणाले तेव्हा तो जास्त खरा वाटला. भिंतीवर हसऱ्या मुलांचं पोस्टर होतं: मूल जसं आहे तसं स्वीकारा. मी उपसंपादक. ते वाक्य माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. कुणी स्वीकारायचं, कधी, आणि नेमकं काय करून, यातलं काहीच त्यात नव्हतं.

एका दैनिकाच्या नगर कार्यालयात मी तालुक्यांच्या बातम्या बघत असे. आलेला मजकूर दुरुस्त करायचा, मथळा द्यायचा, जागेत बसवायचा. जागेत बसत नसेल तर बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली. शेवटचा परिच्छेद उडवला तरी वाचकाचं काही अडत नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. दहा वर्षं हे केल्यावर माणसांची बोलणीही आपण तशीच ऐकू लागतो. पहिलं वाक्य घ्यायचं. शेवटचं सोडून द्यायचं.

केंद्रातल्या वाचा उपचाराच्या बाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या आणि लहान खुर्चीवर, मुलांच्या उंचीला बसायच्या. त्या म्हणाल्या, “सई तुमची करंगळी धरून माठापाशी नेते आणि तुम्ही लगेच पाणी देता. तिला मागायची गरजच पडत नाही. थोडं थांबत जा.” त्या पुढेही बोलत होत्या. मी वहीत लिहिलं: थोडं थांबायचं. पाणी, खाऊ, खेळणं. खाली दोन रेघा ओढल्या.

करंगळीबद्दल सांगायला हवं. सईला काही हवं असलं की ती येऊन माझी डाव्या हाताची करंगळी धरायची. फक्त करंगळी, फक्त डावी. चेहऱ्याकडे बघायची नाही. मला ओढत माठापाशी, खिडकीपाशी, चपलांपाशी न्यायची आणि माझा हात एखाद्या लोखंडी आकड्यासारखा त्या वस्तूवर टाकायची. मला याचं वाईट वाटायचं. आपण तिला माणूस वाटत नाही, हत्यार वाटतो, असं मी नवऱ्याला म्हणाले होते. नवरा, संदीप, शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला होता, “निदान तुझं काहीतरी धरते. मला तर ती ओलांडून जाते.”

घरात बोलणारी माणसं जास्त असली तर बरं, असं केंद्रात सुचवलं गेलं. मी बिनपगारी रजा घेतली आणि सईला घेऊन सासरच्या वस्तीवर आले. वस्ती म्हणजे गावापासून दूर, शेतातच बांधलेलं घर: पुढे ओटा, मागे लिंबाची बाग, बाजूला विहीर, आणि पलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. संदीप नगरलाच राहिला. तो रविवारी यायचा. रजा फाल्गुनापर्यंत होती, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत. मी मनात ठरवलं की हंगाम संपायच्या आत सई बोलली पाहिजे. आमच्या धंद्यात वेळ ठरलेली असली की काम होतं. ती टळून गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्याकडे रीत आहे. आत्यांची स्वतःची एक पद्धत होती. अंगणात पेरूचं झाड होतं आणि त्यावर पोपट यायचे. पोपटाने टोचलेला पेरू मुलाला खायला दिला की त्याला वाचा फुटते, असं त्या मानायच्या. सकाळी उन्हं यायच्या आत त्या झाडाखाली वाकून फिरायच्या, टोचलेले पेरू ओच्यात गोळा करायच्या, धुवायच्या, आणि पोपटाची चोच जिथे लागली असेल बरोबर तिथली फोड कापून सईच्या हातावर ठेवायच्या.

“राघूचं उष्टं हाय, बाळा. खा. खा आन् बोल.”

सई पेरू खायची आणि बोलायची नाही. बिया थुंकून ओळीत मांडायची.

“आत्या, पोपटाला तरी कुठे कळतं तो काय बोलतो?” मी एकदा म्हणाले.

“न्हाई कळत,” आत्या म्हणाल्या. “पर बोलतो ना? आपल्याला तेवडंच पायजे.”

मला त्यांची कीव यायची. कीव हा सभ्य शब्द झाला. मी पाच-सहा वेळा फोनवर मैत्रिणींना हा किस्सा सांगून हसले आहे. माझ्याकडे वही होती, तक्ता होता, कोणत्या महिन्यात मुलाने किती शब्द बोलावेत याची यादी होती. आत्यांकडे पक्षी होता.

आज हिशोब केला तर त्या हंगामात आत्यांच्या अंधश्रद्धेतून सईला रोज एक पेरू मिळाला. माझ्या शास्त्रातून तिला तहान मिळाली.

पद्धत अशी होती. सईचा पाणी प्यायचा एक स्टीलचा पेला होता, बारशात आलेला, तळाशी तिचं नाव कोरलेला. ती करंगळी धरायला आली की मी हात मागे घ्यायचे, पेला भरायचे, तिच्या तोंडासमोर पण हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर धरायचे आणि म्हणायचे, “पाणी. म्हण, पाणी.” तिचे डोळे पेल्यावर असायचे. मी पेला माझ्या ओठांपाशी न्यायचे, म्हणजे ती ओठ बघेल. “पा-णी.” ती ओठ बघायची. मग तिचे हात फडफडू लागायचे, मग ती एका बाजूला अंग टाकून द्यायची, मग रडायची. रडणं हा शब्द नव्हे, असं मी स्वतःला समजावलं होतं. पहिले काही दिवस मी रडण्यापाशी हरायचे आणि पाणी द्यायचे. मग वहीत लिहायचे: आज पुन्हा कमी पडले.

नंतर मी कमी पडेनाशी झाले. स्वयंपाकघरात जमिनीवर एक कळशी असायची, सई तिच्यात हात घालू शकायची. ती मी उचलून कट्ट्यावर ठेवली. आत्या चोरून पाणी पाजतात हे लक्षात आलं तेव्हा मी त्यांना समोर बसवून समजावलं. आवाज चढवला नाही. डेस्कवर एखाद्या वार्ताहराला त्याची चूक दाखवतात तशा स्वरात म्हणाले, “तुम्ही दिलंत तर माझे पंधरा दिवस वाया जातात. तिचं भलं हवंय ना तुम्हाला?”

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “भलंच पायजे,” म्हणाल्या आणि उठल्या.

शेजारच्या वस्तीवरच्या एक काकू अधूनमधून यायच्या, ओट्यावर बसून सईकडे बघायच्या आणि तिच्यासमोरच विचारायच्या, “मुकी हाय व्हय गं ही? दिसायला तर लई गोड हाय.”

“मुकी न्हाई,” आत्या म्हणायच्या. “इचार करती.”

“इचार?” काकू हसायच्या. “आई पेपरात कामाला म्हनल्यावर सगळं बोलनं तिकडंच सरत असंल. पोरीच्या वाट्याला काय येनार?”

अशी माणसं क्रूर असतात असं आपण लिहितो. काकूंनी सईच्या हातात प्रत्येक वेळी काहीतरी ठेवलं: बोरं, हुरड्याची मूठ, एकदा फुटलेल्या बांगड्यांचे रंगीत तुकडे, जे मी लगेच काढून घेतले. त्यांनी तिच्याकडून कशाच्याही बदल्यात कधी काही मागितलं नाही.

थंडी कमी होत गेली. वहीतली शब्दांची पानं कोरी राहिली. फक्त तारखा पुढे सरकल्या. माघात एके दिवशी माझ्या लक्षात आलं की सई पाण्यासाठी येईनाशी झाली आहे. करंगळी धरत नव्हती. रडत नव्हती. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, दूध किंवा ताक देताना, ती प्यायची, बाकी वेळ बागेत फिरायची, काजळीचे तुकडे तळहातावर झेलायची, लिंबं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावायची. मी वहीत लिहिलं: रडणं थांबलं. प्रगती?

ते प्रश्नचिन्ह माझ्या अक्षरात आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

तो शनिवार होता, काष्टीच्या बाजाराचा दिवस. आत्या आणि मामा सकाळीच गेले होते. ऊन तापायला लागलं होतं, कपडे तासाभरात वाळत होते. दहा वाजता मी सईसमोर पेला धरला. तिने ओठांकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि शांतपणे वळून बाहेर निघून गेली. मी ते पाणी माठात परत ओतलं. दीड वाजता जेवायला हाक मारली. ती कुठेच नव्हती.

आधी मी गोठ्यात बघितलं, मग चिपाडाच्या गंजीमागे, मग विहिरीकडे चालू लागले. विहिरीकडे जाताना मनात दोन वाक्यं आली. एक होतं: ती तिथे नसू दे. दुसरं मी इथे लिहीत नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि त्यावर पेरूची दोन पानं तरंगत होती.

“ओ बाई!” पलीकडून हाक आली. “पोरीला हुडकता का? तुमच्या लिंबात हाय ती.”

शेजाऱ्यांचा ऊस तोडायला टोळी आली होती, शेवगावकडची. त्यातली एक बाई आमच्या हौदावर घागर भरायला येत असे. मोळी बांधल्यामुळे तिचे हात चिरलेले असत आणि ती ते आधी पाण्यात बुडवून ठेवायची, मग घागर भरायची. त्या दिवशी ती बांधावर उभी राहून कोयत्याने बागेकडे दाखवत होती.

तिसऱ्या ओळीतल्या लिंबाखाली सई पालथी पडली होती. ठिबकची काळी नळी तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि तोटीला तोंड लावलं होतं. हनुवटी चिखलात होती. थेंब पडला की गळा हलायचा. मामांच्या त्या तोटीतून तासाला चार लिटर पाणी पडतं. एक पेला भरायला तीन मिनिटं लागतात. तिने मला बघितलं आणि नळी सोडली नाही. उलट घट्ट धरली, आणि तोंड न काढता, जमिनीवरून सरकत झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेली, माझ्यापासून लांब.

“चार-पाच दिस झाले, रोज येती,” बाई मागून म्हणाली. “आमाला वाटलं नाद लागला आसंल पोरीला. घरी पानी मागत न्हाई का?”

“ती बोलत नाही,” मी म्हणाले. “बोलली की देते मी.”

मी हे वाक्य उच्चारलं. ते असं मोकळ्या हवेत, उन्हात, दुसऱ्या माणसाला सांगायची माझी ती पहिलीच वेळ होती.

बाईला वाटलं असावं की आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “आमचा बैल कुटं बोलतोय? तरी त्याला टायमाला पानी दाखवावंच लागतंय की.” आणि घागर उचलून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

आत्या-मामा चारला आले. मी घडलं ते क्रमाने सांगितलं: वेळ, जागा, कोण काय म्हणालं. मामा पिशवीतून मिरच्या काढत होते. ते कमी बोलणारे आहेत. सई त्यांच्यावर गेली असं आत्या म्हणायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, बागेचा कॉक बंद केला, परत आले.

“उद्या नळीतून खत सोडनार हुतो,” ते म्हणाले.

एवढंच. मग पुन्हा मिरच्या काढायला लागले.

आत्या मात्र सईला मांडीवर घेऊन तिची हनुवटी पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू शिकलेली हायेस म्हनून मी गप बसले. माझं चुकलं.”

दुसऱ्या दिवशी संदीप आला. त्यालाही मी सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून बराच वेळ चपलेचा बंद लावत आणि काढत राहिला.

“हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तू बातमी लावली असतीस,” तो म्हणाला. “किती कॉलम?”

“दोन,” मी म्हणाले. “आतल्या पानावर.”

“मथळा?”

मथळाही मला माहीत होता. अशा बातमीत आईच्या आधी कोणतं विशेषण लागतं हे आमच्या डेस्कवर पाठ असतं. मी स्वतः ते दोनदा लावलं होतं, दोन अनोळखी बायकांना, आणि घरी येऊन जेवले होते. त्याने मला मारलं असतं तर ते सोपं झालं असतं, आणि हे त्यालाही माहीत असावं.

सोमवारी मी केंद्रातल्या बाईंना फोन केला. घडलं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “मी सांगितलं होतं ना? थोडं थांबा, तिच्याकडे बघा, मनात पाच मोजा, आणि नाही बोलली तरी द्या.”

सांगितलं होतं. त्यांनी ते वाक्य म्हणताच मला आठवलं: ती लहान खुर्ची, त्यांचा हात, पाच बोटं उघडून दाखवणं, आणि माझं पेनाचं टोपण लावून सईच्या चपला शोधायला वाकणं. वाक्य लांब होतं. मी ते खालून कापलं होतं.

त्यानंतर जे झालं त्याला स्वीकार म्हणावं का, याबद्दल मला अजून खात्री नाही. मला कसलाही उमाळा आला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि कट्ट्यावरची कळशी उचलून जमिनीवर ठेवली. तिच्याशेजारी तो स्टीलचा पेला ठेवला. पोस्टरवरच्या वाक्यात जे नव्हतं ते एवढंच होतं: कुणी, कधी आणि काय करून. सई तीन दिवस त्या कळशीकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी मी दाराआड असताना तिने पेला बुडवला, प्यायली, पुन्हा बुडवला, प्यायली. चार पेले. मी मोजले, मोजायची सवय लगेच सुटत नाही.

पुढच्या आठवड्यात मी वहीत लिहिणं थांबवलं. त्यातून मोकळा झालेला वेळ मला दिसायला लागला, दुपारचे दोन-दोन तास. त्या वेळात मी सईला पहिल्यांदा काही न मागता पाहिलं. ती काजळीचा तुकडा झेलायची तेव्हा मूठ मिटायची नाही. तळहात सपाट ठेवून, श्वास रोखून, वाऱ्याने तो आपणहून उडून जाईपर्यंत बघायची. भोंगा झाला की धावत जाऊन हौदावरच्या पत्र्याच्या झाकणाला गाल लावायची, कारण तिथे भोंग्याची थरथर लागायची. हे ती चार महिने रोज करत होती. माझ्या वहीत त्यातलं काहीच नव्हतं, कारण तो शब्द नव्हता. दुःख गेलं नाही. त्याच्याशी चाललेलं भांडण मात्र थांबलं, आणि ज्या घरात भांडण थांबतं तिथे झोप लागते, तेवढी लागू लागली.

आत्यांनी हे माझ्या कितीतरी आधी केलं होतं, आणि त्यांना त्यासाठी शब्दही लागला नव्हता. फाल्गुनात पेरू संपत आले होते. एका सकाळी मी पाहिलं, त्यांनी ओच्यातले टोचलेले पेरू बाजूला ठेवले आणि फांदीवरचा एक अखंड, पिवळा झालेला पेरू तोडून सईला दिला.

“राघूचा नाही दिलात?” मी विचारलं.

“राहू दे राघूचा,” त्या म्हणाल्या. “हा ग्वाड हाय.” आणि पोपटाने टोचलेला स्वतः खाल्ला.

हंगाम संपला, कारखाना बंद झाला, टोळी गेली. वेळ टळली. मी सईला घेऊन नगरला, कामावर परत गेले तेव्हा सई एक शब्दही बोलत नव्हती. पहिला शब्द ती सहाव्या वर्षी बोलली: भोंगा. आता तिला अकरावं वर्ष चालू आहे आणि तिच्याकडे चाळीसेक शब्द असतील; त्यातले बरेचसे आवाज करणाऱ्या वस्तूंचे आहेत. पाणी हा शब्द त्यात नाही. तो तिने कधीच उच्चारलेला नाही. करंगळी ती आजही धरते, पण वस्तीवर आल्यावर, आत्यांची. माझी पुन्हा धरली नाही.

एक गोष्ट मात्र त्या हंगामातून तिने उचलली. घरी कुणी आलं की सई आपणहून पाणी आणते. त्याच पेल्यातून. पाहुण्यासमोर उभी राहते आणि पेला पुढे करते, पण हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर धरते. डोळे पाहुण्याच्या ओठांवर. पाहुणे गोंधळतात. मग कुणीतरी, वस्तीवर असलो तर बहुतेक आत्या, सांगतात, “पानी म्हना, मग देती.” पाहुणा म्हणतो, पाणी. सई पेला देते. पाहुणे हसतात, म्हणतात, लई हुशार हाय, खेळ करती. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते.

माझ्यासमोर ती पेला धरते तेव्हा मी लगेच म्हणते. सात वर्षं, रोज, पेला दिसताक्षणी, पाणी. तिला क्षणभरही थांबावं लागू नये इतक्या घाईने.

यंदा बॉयलर पेटला त्या आठवड्यात आम्ही वस्तीवर आलो. काल दुपारी मी दोरीवरच्या चादरींवरची काजळी फुंकत होते. घसा कोरडा पडला होता. सई पेला घेऊन आली, आता ती माझ्या खांद्याला लागते, आणि तिने हात लांब करून पेला धरला. माझ्या ओठांकडे बघत उभी राहिली.

मी काहीच बोलले नाही. का, ते मला सांगता येईल: मला बघायचं होतं की ती किती वेळ थांबते. इतक्या वर्षांनंतरही मी तिची परीक्षाच घेत होते.

ओट्यावरून आत्या म्हणाल्या, “म्हन की गं बाई, पोरगी उभी हाय.”

मी ओठ मिटून ठेवले आणि मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. सईने मान किंचित तिरकी करून माझं तोंड पुन्हा नीट पाहिलं, आपल्याला काही दिसायचं राहून गेलं का अशी. तीन. मग ती एक पाऊल पुढे आली, माझा हात धरून वर उचलला, पेला त्यात ठेवला, माझी बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवली आणि हौदाकडे निघून गेली. भोंग्याची वेळ झाली होती.

पाण्यावर काजळीचा एक तुकडा तरंगत होता. तो न काढता मी पाणी प्यायले.